आईने ‘व्हय’ म्हटलं नाही

जयूला आवाज दुखायचे. आज मी हे वाक्य सहज लिहिते, पण एवढं साधं वाक्य सापडायला आमच्या घराला सात-आठ वर्षं लागली. तोवर आम्ही म्हणायचो, ती हट्टी आहे, ती घाबरट आहे, तिला कोणीतरी काहीतरी केलंय. जयू माझी थोरली बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आई रगड्यावर खोबरं वाटायला बसली की जयू परसात फणसाखाली जाऊन उभी राहायची आणि वाटण संपल्याशिवाय घरात पाऊल टाकायची नाही. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायची. मग आईने कुकर माळ्यावर टाकला आणि पुन्हा मडक्यात उकड्या तांदळाची पेज शिजू लागली, तासन्‌तास. आणि हीच जयू सकाळी पोदेर सायकलवरून पों-पों करत पाव घेऊन आला की जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांना नाक लावून हसत उभी. तो भोंगा तिला का चालायचा हे मला विचारू नका, आम्हीही विचारून थकलो. पोदेराकडून उंडा घेतला की ती त्याचं फक्त वरचं कडक कवच खायची आणि आतला गाभा माझ्या ताटात यायचा. माझं अर्धं बालपण पावाच्या गाभ्यावर गेलं. मी त्यावरूनही रडायचे, कारण मला कवच आवडायचं.

कोरगावच्या अलीकडे, काजूच्या बागांच्या पायथ्याशी आमचा वाडा. दहा-बारा घरं, सगळी एकमेकांच्या भाऊबंदांची. बाबा डिचोलीला खाणीवर टिपर चालवायचे, शनिवारी घरी यायचे तेव्हा शर्टाच्या शिवणीतसुद्धा लाल माती असायची. आठवडाभर घर आईचं. आई सावंतवाडीकडची, आणि वाड्यात तिची ओळख शेवटपर्यंत ‘ती सावंतवाडीची’ अशीच राहिली. कोणी तिच्यावर आवाज चढवला की ती जागेवरून हलायची नाही, समोरचाच कंटाळून जायचा. मला लहानपणी ह्या स्वभावाची फार लाज वाटे. आता माझ्या मुली मला म्हणतात, तू अगदी आजीवर गेलीस, आणि मला आतून बरं वाटतं.

पण आधीची काही वर्षं ही आईदेखील सगळ्यांसारखीच धावत होती. देवळात कौल लावून झाले, नवस बोलून झाले, बांद्याच्या कोणा बाबाने दिलेला काळा दोरा जयूने दातांनी तोडून झाला. जयू बोलायची, पण आपलं नाही, दुसऱ्यांचं. ‘जेवतेस?’ विचारलं की ‘जेवतेस’ म्हणायची. भूक लागली तरी ‘जेवतेस’ म्हणायची. मग एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून आई तिला घेऊन पणजीला एका डॉक्टरांकडे गेली. त्या डॉक्टर बाईंनी दोन तास जयूला नुसतं खेळू दिलं, आणि मग आईला सांगितलं की हा आजार नाही, ही अशीच घडलेली आहे, हिला औषध देऊन तुमच्यासारखी करता येणार नाही, तुम्हालाच हिला समजून घ्यावं लागेल. ऑटिझम हा शब्द आईने कागदावर लिहून घेतला. परतताना म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या गाडीची वाट बघत ती तो कागद उघडत-मिटत राहिली. मी सोबत होते. मला वाटलं, आता घरी जाऊन रडेल. शनिवारी बाबा आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “आता कौल नको, नवस नको. देवाक मी सोडूक नाय. तेच्याकडे मागणा सोडलंय.”

त्या दिवसापासून तिची लढाई सुरू झाली असं लिहिलं तर आई मला फाडून खाईल. लढाई वगैरे काही नव्हतं, ती फक्त उत्तरं द्यायला लागली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी एक बाई कान झाकून उभ्या असलेल्या जयूला न्याहाळत म्हणाली, “अगे बाये, कोणाची नजर लागली गे हिका?” आई म्हणाली, “तुजीच लागता. ती काड आणि मिरच्यो तोल.” आजही तिचं तसंच. पंच्याहत्तरी जवळ आली, गुडघे गेले, पण पेडणे-डिचोलीतल्या कुठल्याही घरात असं मूल आहे म्हणून कळलं की ती जाऊन बसते, आणि आई-बापांना पहिलं वाक्य सांगते, “रडून घ्या आज काय ता. उद्यापासून टायम मेळचो नाय.” वर्तमानपत्रात ‘ऑटिझमने त्रस्त मुलगी’ असं छापून आलं की त्यांना फोन करते, त्रस्त ती मुलगी नाही, तुमची बातमी वाचून मी त्रस्त आहे. जयू आता काय करते, कमावते का, असं लोक विचारतात. जयू काजूगर निवडते, मनात आलं तर. नाही आलं तर नाही. आईला हा प्रश्न अजिबात खपत नाही. कमावलं तरच माणूस का, असं ती उलट विचारते.

मला सांगायचंय ते मात्र एकाच चवथीबद्दल, म्हणजे गणपतीच्या सणाबद्दल. मी नऊ वर्षांची होते आणि जयू अकराची, पण दोघी एकाच वर्गात, चौथीत. सुरुवातीला जयू माझ्याच बाकावर बसायची. ती डोलायची, गुरुजींचं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायची, आणि सगळा वर्ग हसायचा. हसणं तिला कळत नसेल, मला कळायचं. श्रावणात एका संध्याकाळी मी आईपुढे रडून सांगितलं की मला तिच्या बाजूला बसायचं नाही. वाटलं होतं, पाठीत रट्टा बसणार. आई भाजी चिरत होती, तिने वरही बघितलं नाही. “नको तर नको बसू,” ती म्हणाली. “तुज्यार सक्ती नाय.” दुसऱ्या दिवसापासून मी तिसऱ्या बाकावर, जयू पहिल्या बाकावर एकटी.

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा, पडवीत टांगलेला. त्यावर लोखंडी कांब मारली की तो आवाज नदीपलीकडे जायचा. मारायच्या आधी जयूला कसं कळायचं देव जाणे, पण ती कान दाबून बाणासारखी बाहेर पळायची. त्या श्रावणात अशीच पळताना ती पहिलीतल्या एका पोरावर आदळली आणि त्याचा दात पडला. दुधाचा होता, हलतही होता, पण रक्त आलं. गावभर झालं. आई त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईचे पाय धरून आली, आणि तिथून तडक शाळेत जाऊन गुरुजींना म्हणाली की घंटा जरा हळू मारा, किंवा मारायच्या आधी तिला सांगा. गुरुजी वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, “इतक्या वर्षांची पद्धत एका मुलीसाठी बदलायची का, बाई?” मग पालकांनी आपापल्या मुलांना सांगून टाकलं की तिच्या आसपास बसायचं नाही. पालक समितीचे अध्यक्ष बापूआजो, माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, वाड्यातले सर्वांत वडीलधारे. त्यांनी निरोप धाडला की चवथ झाली की बैठक घेऊ. फोंड्याच्या बाजूला अशा मुलांना ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे जयूला पोचवलेलं सगळ्यांच्या भल्याचं. जयू शाळेत राहणार की घरापासून दूर जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो टांगता ठेवून आमच्याकडे गणपती आला.

चवथीचं आमचं घर मला अजून नाकाने आठवतं. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या रानफळांचा, तवशाच्या काकडीचा, हळदीच्या पानात उकडणाऱ्या पातोळ्यांचा वास, आणि तुपात तळल्या जाणाऱ्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा. वाड्याची आरती घराघरांतून फिरायची: मातीची घुमटं, शामेळाचा ढोल, आणि कान फोडणारी कासाळी, म्हणजे मोठ्या झांजा. दर वर्षी आरती दारात आली की आई जयूला घेऊन मागच्या खोलीत जायची, तिच्या डोक्याला दोन चादरी गुंडाळायची आणि तिच्याजवळ बसून राहायची. म्हणजे आमच्या घरात गणपती येऊनही आईने आठ वर्षं घरची आरती बघितली नव्हती. त्या वर्षी ती पिठाच्या ओल्या हातांनी अंगणात जाऊन उभी राहिली आणि आलेल्या पुरुषांना म्हणाली, “घुमटां वाजवा. कासाळी आणि फटाके आमच्या घरात नको.” बापूआजो हसले, म्हणाले, कासाळ्यांशिवाय आरती म्हणजे मिठाशिवाय आमटी. पण घुमट वाजवणारे बाबलकाका म्हणाले, “जावंदे, एकच घर,” आणि कासाळी पायरीवर राहिली. जयू पहिल्यांदा माटोळीखाली येऊन बसली. घुमटाचा तो खोल, गोल ठेका तिला आवडला. ती तालावर डोलू लागली, आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण सगळेच डोलत होते. आई दाराच्या चौकटीला टेकून आरती बघत होती. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

आरतीनंतर गाऱ्हाणं. आमच्याकडे वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून त्या घराच्या वतीने मोठ्याने मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. आमच्या घराच्या गाऱ्हाण्यात जयूचं एक कलम दर वर्षी असायचंच, आणि खरं सांगते, त्या कलमाला सर्वांत मोठ्याने ‘व्हय महाराजा’ मी म्हणायचे. मला ती बरी व्हायला हवी होती, म्हणजे मला शाळेत जाताना लाज वाटली नसती. बापूआजोंनी डोळे मिटले, हात जोडले आणि घसा साफ केला. बाबांच्या टिपरला, काजूच्या झाडांना, गोठ्यातल्या म्हशीला, सगळ्यांना सांभाळून घ्यायला सांगितलं. मग आवाज जरा चढवून म्हणाले:

“ह्या घरची थोरली लेक जयू, महाराजा! तिका जी काय इडापिडा लागली हा, ती दूर कर!”

“व्हय महाराजा!”

“तिका धा जणांच्या पोरींसारखी शाणी कर!”

“व्हय महाराजा!”

“आणि ता घडाचा नसात, तर तिका तिच्या जोग्या जाग्यार न्हेऊन पोचव, आणि ह्या घरावयलो, ह्या शाळेवयलो भार उतरय, महाराजा!”

“व्हय महाराजा!” सगळे म्हणाले. आणि त्यांच्या मागून, अर्ध्या क्षणाने, एकटाच आवाज आला, स्वच्छ, हसरा. “भार उतरय. व्हय महाराजा.” जयू. आठ वर्षं मागच्या खोलीत चादरीत असलेली जयू ह्या वर्षी पुढ्यात बसली होती, आणि ऐकलेलं सगळं परत म्हणणं ही तिची सवय. तिला कळलं की नाही, ह्यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. मला एवढंच माहीत आहे की घरातून मला काढून टाका ह्या मागण्याला माझ्या बहिणीने सर्वांदेखत होकार दिला, आणि त्या आधीचा होकार माझाही होता.

“नाय महाराजा,” आई म्हणाली.

ती ओरडली नाही. पेज झाली म्हणून सांगावं तशी म्हणाली. पण गाऱ्हाण्यात ‘नाय’ हा शब्द आमच्या वाड्यात कोणी कधी ऐकला नव्हता. बापूआजोंनी डोळे उघडले. “सूनबाय,” ते म्हणाले, “गाऱ्हाण्यात नाय म्हणूचा नसता.”

“मग असला गाऱ्हाणा घालूचा नसता.”

“वाईट शब्द गेलो तोंडातसून. परत घे तो. देवापुढे आसंव आपण.”

“म्हणानच सांगतंय,” आई म्हणाली. “तुमी तिका काडूक सांगलास आणि ती तुमका व्हय म्हणता. बघलास मा? ह्या तुमच्या देवाक चलता काय, ता मी देवाकच इचारतंय.” आणि ती चौकट सोडून पुढे आली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने डोक्यावर पदरसुद्धा घेतला नाही, पिठाचे हात तसेच जोडले. “महाराजा! माजी लेक बरी आसा. तिका बरी करू नको! आमच्या कानांपरास तिचे कान तिखट, तर आमका हळू वागूक शिकय! शाळेत तिचो बाक आसा, तो तिचोच ऱ्हवांदे! आणि जो कोण तिका खंय न्हेऊन ठेवूक बघता, तेच्या दारात मी रोज सकाळी येऊन उभी ऱ्हवतलंय, हेका तू साक्षी ऱ्हव, महाराजा!”

गाऱ्हाणं घातलं की ते झेलायचं असतं. कोणी ‘व्हय’ म्हटलं नाही तर ते देवापर्यंत पोचत नाही असं आम्ही मानतो. आई हात जोडून उभी होती आणि खोलीत कोणीही तोंड उघडत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पण मला माहीत होतं की मी म्हणू शकते. मी सर्वांत मोठ्याने म्हणणारी मुलगी. मला तिसरा बाक दिसत होता, सोमवारचा वर्ग दिसत होता, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढ्यात कोपऱ्यातून बाबांनी “व्हय महाराजा” म्हटलं, वडीलधाऱ्यांपुढे कधी मान वर न करणाऱ्या माझ्या बाबांनी, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. मग बाबलकाकांनी म्हटलं. बस्स. बापूआजो प्रसाद न घेता पायऱ्या उतरले आणि त्यांच्या मागे जवळजवळ सगळेच. त्या रात्री ताटभर नेवऱ्या आम्ही चौघांनी खाल्ल्या, आणि जयू मध्ये मध्ये म्हणत होती, “बरी करू नको, बरी करू नको.” बाबा हसले. आईदेखील हसली. मी हसले नाही. मला स्वतःचा राग आला होता आणि तो मी जयूवर काढला, तिच्या पावाचं कवच खाऊन.

बैठक आठवड्याने वर्गातच झाली, आम्हा मुलांदेखत, कारण दुसरी खोली गळत होती. बापूआजोंनी मोजून-मापून बोलायचं ठरवलेलं दिसत होतं. ते म्हणाले, आम्ही कोणाच्या वाईटावर नाही, पण एकट्या बसणाऱ्या, पळणाऱ्या मुलीला वर्गात ठेवून उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तिच्या बाजूला कोणी बसून तिला सांभाळायला तयार असेल तर राहू दे, नाहीतर नाव काढावं लागेल. त्यांनी वर्गाकडे बघितलं. मुलं बाकांत रुतून बसली, त्यांत मीही. “बघलास?” बापूआजो आईला म्हणाले. “कोण तयार नाय.” आईने चप्पल दारात काढली, पहिल्या बाकाशी गेली आणि लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकात अंग चोरून जयूच्या बाजूला बसली. “मी तयार आसंय,” ती म्हणाली. “घालवा आता मका.” अट त्यांचीच होती.

अकरा दिवस आई चौथीत बसली. पहाटे उठून पेज, मासे, गोठा सगळं आटपून ती आमच्याबरोबर शाळेत यायची आणि दुपारपर्यंत बसायची. पाढे म्हणायची. गुरुजींनी एकदा तिला भागाकार विचारला तर चुकली, आणि वर्ग हसला, आणि ती म्हणाली, “परत सांगा गुरुजी, समाजला नाय.” घंटेची वेळ झाली की ती जयूच्या कानांवर स्वतःचे तळवे ठेवायची. माझ्या बाजूची मुलगी मला कोपराने ढोसून आईच्या भेगाळलेल्या टाचा दाखवायची. माझीच आई, माझ्यापासून दोन बाक पुढे. घरी ती मला ह्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, आणि तेच मला सर्वांत जड जात होतं. ओरडली असती तर मीही ओरडून मोकळी झाले असते.

बाराव्या दिवशी घंटा वेळेआधी झाली. पाऊस येणार म्हणून सोडायची घाई असेल. आईचे तळवे पोचायच्या आत जयू उठून पळाली. आईही उठायला गेली, पण अडकून बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ती बाकाला धरून अर्धवट उभी राहिली आणि परत खाली बसली. मी काही ठरवलं नव्हतं. मी उठले आणि धावले. जयू मैदानाच्या कडेला कुंपणाशी कान दाबून उकिडवी बसली होती. अशा वेळी तिला हात लावायचा नसतो, हे सगळ्या गावात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी चार हातांच्या अंतरावर बसले आणि थांबले. तिचं डोलणं कमी झालं तशी ती उठली, आणि मी तिच्या मागून चालत आले. वर्ग सुटला नव्हता, पावसाने हुलकावणी दिल्यामुळे गुरुजींनी सगळ्यांना परत बसवलं होतं. सगळे आमच्याकडे बघत होते. जयू आपल्या जागेवर गेली. मी पहिल्या बाकाशी थांबले.

“उठ आई,” मी म्हटलं.

“तुका कोणी सांगला?”

“कोणी नाय.”

आई पाय चोळत उठली आणि मला जागा करून दिली. मी बसले. जयूने माझ्याकडे बघितलं नाही, पण आपली पाटी वीतभर सरकवली. आईने दारात जाऊन चपला पायात घातल्या, पदर कमरेला खोचला आणि मग वळून म्हणाली, “गुरुजी, मी जातंय. आता ह्या बाकार माज्यो दोन लेकी आसत. काडूचा आसात तर दोघींकय एकदम काडा.”

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं आणि उरलेलं गणित लिहायला घेतलं.